ऐकून घेणारं यंत्र

‘आजोबा, याला माझं सगळं कळतं,’ मोबाइलमधल्या यंत्राशी गप्पा मारणारी नात परवा म्हणाली आणि मला ‘एलायझा’ आठवली. अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली जगापुढे ठेवलेला हा संगणकाचा प्रोग्रॅम. माणसाचंच वाक्य फिरवून तो प्रश्न म्हणून परत करी. कळत काहीच नसे. पण त्याची जडणघडण पाहिलेली त्यांची सेक्रेटरीच त्याच्याशी बोलण्यात रंगली आणि तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! वायझेनबाउम हादरले. आजची यंत्रं कितीतरी हुशार आहेत. माणसाची भूक मात्र तीच, कुणीतरी ऐकून घ्यावं ही. घरात ती भागली नाही, तर पोरं यंत्राकडेच जाणार. मी टीव्ही बंद केला. म्हटलं, ‘बोल बाळ, ऐकतोय मी.’