नगरच्या निजामशाहींतील राजविवाह आणि राण्यांचे कलह

दूरचित्रवाणीवर ऐतिहासिक मालिका पाहिली जात नाहीं, असें घर आज आपल्या जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं आजीपासून नातवंडांपर्यंत सर्व मंडळी पडद्यासमोर बसतात. आणि तेथें बहुधा एकच देखावा चाललेला असतो. एक राजा, दोन राण्या, खांबाआड कान देऊन उभी असलेली दासी, आणि दुधाच्या पेल्यांत मिसळलेलें विष! २०१३ सालीं सुरू झालेल्या ‘जोधा अकबर’ या हिंदी मालिकेनें हा देखावा घरोघरीं पोंचविला. वस्तुतः अंबरच्या ज्या राजकन्येशीं अकबरानें १५६२ सालीं विवाह केला, तिचें ‘जोधा’ हें नांव त्या काळच्या दरबारी इतिहासांत आढळत नाहीं. ‘मरियम-उज-जमानी’ ही तिची पदवी मात्र प्रसिद्ध आहे. परंतु एवढी चौकशी करीत बसण्यास प्रेक्षकांस सवड कोठून असणार?

अशा मालिका पाहूं नयेत, असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. इतिहासाची गोडी त्यांमुळें लागत असेल तर तें बरेंच होय. परंतु त्या पाहून मुलामुलींच्या मनांत एक समजूत घर करून बसते. ती अशी कीं, मोठमोठीं राज्यें बुडालीं तीं बायकांच्या मत्सरामुळें. ही समजूत कितपत खरी आहे, हें तपासून पाहण्यास आपणांस दिल्ली-आग्र्यास जाण्याची गरज नाहीं. ज्या शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, त्या आपल्या अहमदनगरच्या निजामशाहींतच याचीं ठळक उदाहरणें घडलेलीं आहेत.

प्रथम राजविवाह म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे. सामान्य माणसाच्या घरचें लग्न दोन कुटुंबांस जोडतें. राजघराण्याचें लग्न दोन राज्यांमधील तह असे. तहाच्या कागदावर मोहोर उठे, तशी येथें कन्या दिली जाई. तिच्याबरोबर दागिने, हत्ती व दासी जात. आणि कित्येकदां एखादा किल्लाही आंदण म्हणून दिला जाई. अर्थात् सासरीं त्या राणीचा मान राहिला तर तह राहिला, आणि तिचा अपमान झाला तर तिच्या माहेरच्या राज्याचा अपमान झाला, असा हिशेब होता.

निजामशहा व आदिलशहा हे शेजारी, आणि त्यांच्यामधील हाडवैराचें मूळ म्हणजे सोलापूरचा किल्ला. १५२४ सालीं बुऱ्हाण निजामशहा पहिला याचें लग्न विजापूरच्या इस्माइल आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिच्याशीं झालें. सोलापूर व त्याभोंवतालचे परगणे आपणांस आंदण मिळावयाचे ठरले होते, असें नगरकर म्हणत. असें कांहीं ठरलेंच नव्हतें, असें विजापूरकर म्हणत. लग्नाचे दिवस सरतात न सरतात तोंच दोन्ही राज्यांचें युद्ध जुंपलें.

या वैरांत अंतःपुरांतील कलहानें भर घातली. बुऱ्हाणनें पूर्वींच अमीना नांवाच्या एका नर्तकीशीं विवाह केला होता, व तिचा मुलगा हुसेन हा ज्येष्ठ पुत्र होता. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो कीं, अमीनेच्या वागणुकीमुळें मरियम दुखावली, तिनें भावाकडे गाऱ्हाणें नेलें, आणि एका राजकन्येवर नर्तकीनें वरचढपणा करावा हें शोभत नाहीं, असें इस्माइलनें बोलून दाखविलें. तें बोलणें बुऱ्हाणच्या जिव्हारीं लागलें. येथें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, फेरिश्ता हा प्रथम नगरच्या दरबारीं होता, परंतु १५८९ सालीं तो विजापुरास गेला आणि तेथील सुलतानाच्या आश्रयानें त्यानें आपला ग्रंथ लिहिला. तेव्हां या भांडणांत विजापूरच्या राजकन्येचा पक्ष त्याच्या लेखणीस अधिक जवळचा वाटला असल्यास नवल नाहीं.

वरवर पाहतां हा दोन सवतींचा कलह दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं एक कठीण प्रश्न होता. वडील मुलानेंच गादीवर बसावें असा निश्चित कायदा त्या काळीं नव्हता. जो मुलगा सुलतान होई त्याची आई राज्यांत श्रेष्ठ ठरे. ज्यांस गादी मिळत नसे त्यांस कैद, परागंदा होणें किंवा मृत्यु, यांपैकीं कांहीं तरी पतकरावें लागे. आपल्या लेकराचा जीव वांचावा म्हणून धडपडणाऱ्या आईस केवळ मत्सरी म्हणणें न्यायाचें होईल काय? १५५३ सालीं बुऱ्हाण वारला तेव्हां नेमकें हेंच घडलें. अमीनेचा हुसेन गादीवर बसला; मरियमचा मुलगा शाह अली यानें आजोळीं विजापुरास आश्रय घेतला; आणि या आतेभावाचा पक्ष घेऊन इब्राहिम आदिलशहानें नगरशीं पुन्हा युद्ध केलें. सवतींच्या मुलांची तंटेबखेडी दोन राज्यांच्या रयतेनें आपल्या रक्तानें फेडली!

पुढें लग्नानेंच हें वैर कांहीं काळ मिटविलें. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दक्षिणेंतील सुलतानांस एकत्र यावयाचें होतें. तेव्हां हुसेन निजामशहाची कन्या चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली गेली, आणि आदिलशहाची बहीण हुसेनचा मुलगा मुर्तझा यास केली. चांदबीबीबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण गेला. ज्या किल्ल्यासाठीं चाळीस वर्षें भांडण चाललें, तो अशा रीतीनें एका मुलीच्या लग्नांत देऊन टाकण्यांत आला! त्यानंतर २३ जानेवारी १५६५ रोजीं तालिकोटची प्रसिद्ध लढाई झाली व रामराय मारला गेला.

त्याच सालीं हुसेन निजामशहा वारला. मुर्तझा लहान असल्यामुळें त्याची आई खुंझा हुमायून हिनें कांहीं वर्षें राज्याचा कारभार पाहिला. ती दरबारांत बसे आणि सैन्याबरोबर मोहिमेसही जाई. परंतु तिनें आपल्या भावांस मोठमोठ्या जागा दिल्या. त्यामुळें सरदार नाराज झाले, मुर्तझाचे कान भरूं लागले, आणि अखेर १५६९ च्या सुमारास मुलानेंच आईस कैद करविलें.

या राणीची एक विलक्षण आठवण पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत जतन केलेली आहे. हुसेन निजामशहाच्या पराक्रमावर आफताबी नांवाच्या कवीनें फारसींत एक सचित्र काव्य रचिलें. त्याची हस्तलिखित प्रत तेथें आहे. तिच्यांतील चित्रांत सुलतानाच्या शेजारीं सिंहासनावर राणी खुंझा हुमायून बसलेली दाखविली होती. परंतु पुढें कोणीं तरी बहुतेक ठिकाणीं तिची आकृति रंग फांसून किंवा खरडून नाहींशी केली. राजा जेथल्या तेथें आहे, सेवक आहेत, छत्र आहे. शेजारीं मात्र डाग! हातांतील सत्ता गेल्यावर चित्रांतील जागाही जावी, याहून बोलका पुरावा दुसरा कोणता हवा? मालिकेंतील शंभर कारस्थानांपेक्षां हा एक डाग आपणांस अधिक शिकवितो.

खुंझेची मुलगी चांदबीबी हिची कथा नगरच्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. १५८० सालीं तिचा पति अली आदिलशहा मारला गेला. तिला मूल नव्हतें. गादीवर पतीचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम बसला व त्याच्या पालनाचा भार तिच्यावर पडला. तेथेंही किश्वरखान नांवाच्या कारभाऱ्यानें तिला साताऱ्याच्या किल्ल्यांत कांहीं काळ कैदेंत ठेविलें होतें. पुढें ती माहेरीं आली, तों येथें सर्व अंदाधुंदी माजलेली. १५८८ सालीं तिचा भाऊ मुर्तझा यास त्याच्याच मुलानें ठार केलें होतें. पुढच्याच वर्षीं तो मुलगाही मारला गेला. आणि १५९५ सालीं इब्राहिम निजामशहा लढाईंत पडल्यावर निरनिराळे सरदार निरनिराळीं मुलें गादीचे वारस म्हणून पुढें करूं लागले. त्यांतल्या मियां मंजूनें तर आपला पक्ष सांवरण्यासाठीं अकबराचा मुलगा शहाजादा मुराद यासच बोलावणें धाडिलें!

चांदबीबीनें बहादुर या बालकाचा पक्ष घेऊन किल्ला लढविला. मोंगलांनीं सुरुंग लावून तट पाडिला, तेव्हां ती स्वतः खिंडारापाशीं उभी राहिली आणि रातोरात तें बुजवून घेतलें. १५९६ सालीं वऱ्हाड देऊन तह झाला व राज्य वांचलें. पण चारच वर्षांनीं मोंगल पुन्हा आले. किल्ला आतां टिकत नाहीं हें ओळखून ती तहाचें बोलणें लावूं लागली, तोंच ‘बाई फितूर झाली’ अशी हाकाटी एका सरदारानें उठविली; चवताळलेल्या जमावानें महालांत शिरून तिला ठार केलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६०० च्या ऑगस्टमध्यें किल्ला पडला आणि बालसुलतान बहादुर ग्वाल्हेरच्या कैदेंत गेला. शहराबाहेर शहा डोंगरावर जी तीन मजली इमारत दिसते तिला आपण ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतों. खरें पाहतां ती मुर्तझाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोकांनीं तिला राणीचें नांव दिलें, यावरूनच तिच्यावरील त्यांची प्रीति दिसून येते.

येथें अमीनेचा वंश गादीवरून गेला. त्याच वर्षीं मलिक अंबर या हबशी सरदारानें परांड्यास नवा सुलतान उभा केला, तो कोण? मरियमचा नातू, शाह अलीचा मुलगा, मुर्तझा दुसरा! मलिक अंबर हा लहानपणीं आफ्रिकेंत गुलाम म्हणून विकला गेला होता आणि हातोहात विकला जात दक्षिणेंत आला होता. त्यानें आपली मुलगी या मुर्तझास दिली. हा विवाहही तहच होता: जांवयास गादी, सासऱ्यास सत्ता.

पीटर व्हॅन डेन ब्रूक नांवाचा एक डच व्यापारी १६१७ सालीं मलिक अंबरास भेटला होता. त्यानें पुढील हकीकत नमूद केली आहे. मुर्तझाच्या वडील राणीनें, जी गोरी इराणी होती, अंबरच्या मुलीस रागाच्या भरांत ‘गुलामाची पोर’ अशा अर्थाचें हिणविलें. मुलीनें बापास कळविलें. आणि अंबरनें १६१० सालीं सुलतानास विष घालविलें. गादीवर मुर्तझाचा पांच वर्षांचा मुलगा बुऱ्हाण बसला.

सवतीनें मारलेला टोमणा, बापाचा संताप, विषाचा पेला: मालिकेस याहून अधिक काय पाहिजे? परंतु आपण थोडें थांबून विचार करूं. ही हकीकत घडल्यानंतर सात वर्षांनीं एका परदेशी व्यापाऱ्यानें ऐकून लिहिली. शिवाय सुलतान व अंबर यांचें वांकडें फार आधींपासून होतें. अंबरचा प्रतिस्पर्धी राजू यास मुर्तझानें आपल्या मदतीस ओढिलें होतें, आणि अंबरनें १६०७ सालीं त्या राजूचा पाडाव केला होता. म्हणजे टोमणा खरा मानला तरी तो ठिणगीच होय. दारू पूर्वींच भरलेली होती. मालिका आपणांस ठिणगी दाखविते, दारूचें कोठार दाखवीत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, या सर्व हकीकतींतून काय निष्पन्न होतें? राण्यांचे कलह झाले, हें खोटें नाहीं. परंतु ज्या राज्यांत वारसाचा नियम नाहीं, जेथें मुलीचें लग्न किल्ल्याच्या मोलानें तोललें जातें, आणि जेथें सरदार आपल्या स्वार्थासाठीं कोवळीं मुलें गादीवर बसवितात, तेथें कलह होणारच. मग अंतःपुरांत देवता जरी नेऊन बसविल्या तरी काय उपयोग? मुर्तझास त्याच्या मुलानें मारिलें, मोंगलांस एका वजिरानें बोलाविलें, चांदबीबीस तिच्याच पक्षाच्या लोकांनीं मारिलें. यांपैकीं कोणतें कृत्य सवतीच्या मत्सरानें घडलें? उलट हें राज्य मोडकळीस आलें असतां ज्या हातानें तें सांवरून धरिलें, तो एका स्त्रीचाच होता.

तेव्हां यापुढें अशी मालिका पाहतांना तीन प्रश्न मनाशीं विचारावे. या लग्नानें कोणाचा प्रांत कोणाकडे गेला? गादीचा वारस कोण, आणि त्याच्या नांवें कारभार कोण करितो? ही गोष्ट कोणीं, केव्हां आणि कोणाच्या आश्रयानें लिहून ठेविली? पालकांनीं मुलांजवळ बसून हे प्रश्न काढले, तर करमणुकीची ती वेळ अभ्यासाचीही होईल.

आणि आणखी एक गोष्ट आम्हांस सांगावीशी वाटते. मरियमच्या भावानें अमीनेस नर्तकी म्हणून हिणविलें. अंबरच्या मुलीस गुलामाची पोर म्हणून हिणविल्याची कथा झाली. जन्मावरून हिणविण्याची ती खोड राजवाड्याबरोबर नाहींशी झालेली नाहीं. ती वर्गांत, खेळाच्या मैदानावर आणि पाणवठ्यावर अजून ऐकूं येते. ज्यास विकत घेतलेला गुलाम म्हणून हिणविलें, त्याच मलिक अंबरनें १६२४ सालीं आपल्या नगरजवळ भातवडीस मोंगल व विजापूर यांच्या एकवटलेल्या फौजेचा पराभव केला. जन्म कोठें झाला हें कोणाच्या हातीं नसतें. हातून काय घडलें एवढेंच इतिहास अखेर विचारतो.