फिरणारी पृथ्वी आणि दोन मीटरांचा फरक

नागपूरच्या झिरो माईलचा दगडी खांब जागचा हलत नाही, असं आपण मानतो. पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो ताशी सुमारे 1,560 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे निघालेला असतो. या फिरकीचा जवळून जाणाऱ्या उपग्रहावर काही परिणाम होतो का?

न्यूटनच्या गणितात वस्तुमान आणि आकार तेच असतील, तर गोल फिरो वा न फिरो, ओढ तेवढीच. आइन्स्टाइनच्या गणितात मात्र फरक पडतो. तो 1918 साली योझेफ लेन्स आणि हान्स थिरिंग यांनी काढून दाखवला. घट्ट दह्यात रवी फिरवली, की तिच्याजवळचं दही जास्त फिरतं, काठाजवळचं कमी. पृथ्वीभोवतीचं अवकाशही असंच किंचित ओढलं जातं. इथे घर्षण नाही, अवकाशाची मांडणीच वळते. त्यामुळे उपग्रहाच्या कक्षेचं प्रतल पृथ्वीच्या फिरण्याच्या दिशेने सरकतं.

सरकतं ते किती? 1976 साली सोडलेला लॅजिऑस हा उपग्रह म्हणजे 60 सेंटिमीटर व्यासाचा गोळा. त्यावर 426 परावर्तक आहेत. जमिनीवरून लेसर सोडायचा आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं. त्याची कक्षा पृथ्वीच्या फिरकीमुळे वर्षाला जेमतेम 2 मीटर सरकते. पण विषुववृत्तापाशी पृथ्वी फुगीर असल्याने तीच कक्षा वर्षाला सुमारे 125 अंश फिरते, म्हणजे कोटपटीहून जास्त! त्यातून 2 मीटर वेगळे कसे काढायचे? 1992 साली दुसरा लॅजिऑस वेगळ्या कलाच्या कक्षेत गेला. दोघांची मापं अशी जुळवली, की फुगवट्याचा मुख्य परिणाम खोडला जातो. 2004 साली इग्नात्सिओ चुफोलिनी आणि एरिकोस पावलिस यांनी मांडलेलं उत्तर सुमारे 10 टक्क्यांच्या अचूकतेत आइन्स्टाइनशी जुळलं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण गुरुत्वाकर्षणाचे पर्यायी सिद्धान्तही आहेत. फ्रेड हॉइल आणि कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर यांनी 1964 साली असाच एक मांडला. 2003 साली पुढे आलेल्या चर्न-सायमन्स सिद्धान्ताची गंमत अशी, की न फिरणाऱ्या गोलाभोवती त्याचं उत्तर आइन्स्टाइनचंच असतं. गोल फिरू लागला, की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. आइन्स्टाइनच्या गणिताने उलगडलेलं बुधाच्या कक्षेचं मोठं वळण सूर्याच्या वस्तुमानामुळे येतं, फिरकीमुळे जवळजवळ नाही; म्हणून ते जिथे निवाडा करू शकत नाही, तिथे लॅजिऑसचे ते दोन मीटर करतात. म्हणूनच ते इतक्या निगुतीने मोजायचे.