हाताचे दुबळेपण आणि मान

गणेशचतुर्थीच्या मोदकांना कळ्या पाडणे हे आमच्या सुभानपुऱ्यातील मराठी घरांत अजूनही बोटांच्या कसबाचे काम समजले जाते. वर्षानुवर्षे हे काम लीलया करणारी बोटे एके वर्षी पारी चिमटताना अडखळू लागली, की घरात ‘आता वय झाले’ एवढेच म्हटले जाते. सदऱ्याची बटणे लागेनात, नोटा मोजताना निसटू लागल्या, सही जुळेना म्हणून बँकेतून धनादेश परत आला, तरी निदान तेच. दुखत मात्र काही नसते. आणि न दुखणाऱ्या व्याधीस आपण व्याधी मानीतच नाही!

अशा दुबळेपणाचे मूळ कधी कधी हातात नसून मानेत असते. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू मानेच्या सात मणक्यांमधील पोकळीतून खाली उतरतो. ही पोकळी समोरून मागे सुमारे १७ मिलिमीटर असते. १३ हून कमी असल्यास ती अरुंद समजतात. उतारवयात मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, हाडांच्या कडा वाढतात, बंध जाड होतात, आणि मधला रज्जू चेपला जातो. मग हात मंदावतात. पुढे चालही ताठर होते.

जपानमधील ओनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली अशा हाताची लक्षणे नेमकी नोंदविली. मूठ मिटून पूर्ण उघडण्याची क्रिया निरोगी माणसास १० सेकंदांत २० वेळा तरी जमते. या रुग्णांस जमत नाही. बोटे जुळवून ताठ धरली, तर त्यांची करंगळी आपोआप दूर सरकते. घरी हे करून पाहण्यास हरकत नाही, निर्णय मात्र डॉक्टरांचा. मधुमेहाने किंवा मनगटातील नस दाबली गेल्यानेही हात बधिर होतात, आणि इथेच घोटाळा होतो: उपचार मनगटावर चालतात व मानेतला दाब वाढत राहतो.

तरुणांनाही हे अगदीच चुकलेले नाही. हिरायामा यांनी १९५९ साली वर्णिलेल्या विकारात मान पुढे वाकताच रज्जू दाबला जातो आणि विशीच्या आसपासच्या मुलांचा पंजा सुकू लागतो. तेथे वेळीच बांधलेला मानेचा पट्टा पुष्कळ काम करतो.

केशकर्तनालयात मान ‘कडकन’ मोडून घेण्याची हौस आम्हांस कधीच उमगली नाही. ज्याचे हात असे मंदावले आहेत, त्याने तर ती मुळीच करू नये. एमआरआयवर दाब स्पष्ट दिसतो. तो वाढता असल्यास शस्त्रक्रियेने रज्जू मोकळा करतात. तिचा पहिला हेतू पुढची हानी थांबविणे हा. गेलेली शक्ती किती परतेल, हे बव्हंशी दाब किती दिवस होता यावर ठरते. म्हणून तपासणीस जाताना गतवर्षीची सही व आजची सही, दोन्ही सोबत न्याव्यात. दुखणे केव्हा सुरू झाले हे रुग्णास आठवत नसले, तरी कागदावरून डॉक्टरांस त्याचा अंदाज येतो.