बॉनेट डोक्यावर येण्यापूर्वी...

रत्नागिरी : मोटारीचे बॉनेट उघडून पाणी आणि ऑइल पाहायचे, एवढ्या किरकोळ कामासाठी आधी पडवीतून चिव्याची काठी शोधून आणायची, हे दृश्य जुनी गाडी बाळगणाऱ्या घरांना अपरिचित नाही. बॉनेट तोलून धरणारा शॉकर निकामी झालेला असतो. काठी लावली की काम भागते. मात्र वर पंधरा-वीस किलोंचा पत्रा, मध्ये कोणत्याही क्षणी निसटू शकणारी काठी आणि खाली वाकलेले डोके, अशी ही मांडणी असते. समुद्राकडून आलेला एक झोत किंवा कोपराचा निसटता धक्का ती मोडण्यास पुरेसा होतो.

सर्वच मोटारींना हा प्रश्न भेडसावत नाही. मारुती ८०० सारख्या लहान गाड्यांचे बॉनेट लोखंडी दांडीवर टेकवले जाते. दांडी खाचेत नीट बसली की पुढे पाहावे लागत नाही. बॉनेटखाली गॅसचे शॉकर असतात ते प्रामुख्याने मोठ्या व महागड्या गाड्यांत. डिकीचे मात्र तसे नाही. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या आणि २०१९ पर्यंत तयार होत राहिलेल्या ओम्नीचा मागचा दरवाजा वर उचलला जातो आणि शॉकरच्याच बळावर उभा राहतो. आंब्याच्या हंगामात अशा गाडीत पेट्या चढवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि मान नेमकी दरवाजाखाली असते. त्यामुळे बॉनेटविषयी जे सांगायचे, ते डिकीलाही तितकेच लागू पडते.

कारागीर ज्याला शॉकर म्हणतात तो खरे तर चाकांच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दूरचा भाऊ. त्याचे काम धक्के शोषण्याचे नसून वजन तोलण्याचे आहे. पोलादी नळीत नायट्रोजन वायू प्रचंड दाबाखाली कोंडलेला असतो. एका टोकातून गुळगुळीत दांडा बाहेर येतो, आणि तो जेथून बाहेर येतो तेथे रबराचे सील असते. आत थोडे तेलही असते. ते सील ओलसर ठेवते आणि उघडण्याच्या अखेरीस झाकणाचा वेग आवरते. दाब किती, याचा हिशेब कठीण नाही. आठ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचे छेदक्षेत्र सुमारे ५० चौरस मिलिमीटर भरते. एवढ्याशा क्षेत्रावर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाइतके बळ मिळवायचे, तर आतील दाब वातावरणाच्या सुमारे ८० पट असावा लागतो. मोटारीच्या चाकात हवा भरतात ती त्याच्या चाळिसाव्या भागाइतकी.

पंधरा किलोंच्या झाकणाला एवढे बळ कशासाठी, असा प्रश्न पडेल. उत्तर तरफेत आहे. झाकणाचे वजन बिजागरीपासून साधारण अर्धा मीटर अंतरावर एकवटते, तर शॉकर बिजागरीच्या अगदी जवळ, दहा-बारा सेंटिमीटरवर रेटा देतो. अंतर चौपट कमी, म्हणून बळ चौपट अधिक. दोन शॉकर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३०० न्यूटनच्या आसपास भार येतो. म्हणूनच थोडा वायू निसटला तरी तोल बिघडतो.

हा वायू निसटण्यास कोकणची हवा विशेष अनुकूल आहे. मिऱ्या, मांडवी, भाट्ये या किनाऱ्यालगतच्या भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर खारा ओलावा सतत बसतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि उन्हाळ्यात जांभ्याची बारीक लाल धूळ. दांड्यावर गंजाचा सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी प्रत्येक उघडझाकीत तो सीलच्या कडेवर कानशीसारखा फिरतो. तेलकट दांड्यावर चिकटलेली धूळही तेच काम करते. एकदा सील खरवडले गेले की वायू मुंगीच्या पावलांनी बाहेर पडू लागतो.

शॉकर सहसा एका दिवसात दगा देत नाही, ही त्यातील जमेची बाजू. आधी झाकण शेवटची वीतभर उंची आपणहून गाठेनासे होते. पुढे ते वर राहते, पण हात लावताच खाली सरकते. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसू लागतो. याच टप्प्यावर अनेकांची फसगत होते, कारण दुपारी बॉनेट व्यवस्थित उभे राहते आणि पहाटे कोसळते. वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. दर तीन अंशांमागे सुमारे एक टक्का, म्हणजे थंडीतील पहाट आणि दुपार यांत पाच टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. नव्या शॉकरला तो जाणवत नाही. काठावर आलेल्याला तेवढाच पुरेसा होतो. ‘काल तर नीट उभे होते’ या वाक्यात म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते एकट्याने करू नये. शॉकरची टोके बहुधा वाटीसारखी असून गाडीवरील बॉलवर चपखल बसतात. वाटीवर पोलादी चाप असतो. काही गाड्यांत बोल्ट असतात. बॉनेट पूर्ण उघडावे, म्हणजे शॉकर पूर्ण ताणलेला असतो आणि सुटताना उसळत नाही. एकाने बॉनेट दोन्ही हातांनी धरावे. दुसऱ्याने बारीक स्क्रूड्रायव्हरने चाप किंचित उचलावा (तो साफ काढून फेकण्याची गरज नाही) आणि टोक ओढून घ्यावे. एक बाजू पूर्ण बसवल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. नवा शॉकर जुन्याच्याच दिशेने लावावा. झाकण मिटल्यावर दांडा खाली व नळी वर अशी रचना साधारणपणे असते, म्हणजे तेल सीलपाशी उतरते. जोडी एकदमच बदलावी. एकच नवा लावल्यास बॉनेटला तिरपा पीळ बसतो आणि बिजागऱ्या झिजतात.

खरी अडचण योग्य भाग मिळण्याची. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, त्यामुळे गाडी कायदेशीररीत्या रस्त्यावर असते. पण तिचे सुटे भाग तोवर दुर्मीळ होतात. शहरात न मिळालेल्या भागासाठी आंबा घाट ओलांडून सुमारे १३० किलोमीटरवरील कोल्हापूर गाठायचे, तर माप चुकलेले परवडत नाही. ताणलेल्या अवस्थेत एका टोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी, दांडा किती आत जातो ते अंतर आणि टोकांचा प्रकार लिहून न्यावा. नळीवर आकड्यापुढे न्यूटनचे चिन्ह छापलेले असते, तेही उतरवून घ्यावे. छपाई पुसली गेली असल्यास जुना शॉकरच सोबत नेणे बरे.

‘जरा जास्त ताकदीचा लावू’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो ऐकू नये. अधिक बळाने बॉनेटचा पातळ पत्रा वाकतो, आणि ते बंद करताना मध्यभागी दाब द्यावा लागून पोचा पडतो. जुन्याच शॉकरमध्ये पुन्हा गॅस भरून घेण्याचा मार्ग स्वस्त वाटतो, पण गॅस ज्या वाटेने गेला ती वाट, म्हणजे झिजलेले सील, तशीच राहते.

नवा शॉकर टिकवायचा असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा दांडा मऊ ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. पक्कडीने धरू नये, पॉलिश पेपर तर मुळीच लावू नये. जुना शॉकर ढिला पडला तरी रिकामा झालेला नसतो. नायट्रोजन पेट घेत नाही, मात्र तापवलेली नळी फुटून तिचे तुकडे दूरवर उडू शकतात. म्हणून तो कचऱ्याबरोबर जाळू नये, त्याला भोक पाडण्याचा प्रयत्न करू नये, आणि भंगारात देताना आत दाब आहे हे समोरच्याला स्पष्ट सांगावे. गॅस कटर हाती घेणाऱ्याला बाहेरून ती साधी नळीच दिसते.