फळांवरील चिलटे व घरातील आरोग्य

संत्र्यांच्या हंगामात आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांतील घरांत फळांच्या टोपलीभोवती बारीक चिलटे घोंघावताना दिसतात. ती चावत नाहीत, रक्त शोषीत नाहीत; म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. तथापि कुजक्या कचऱ्यावर बसलेली चिलटे तेथील रोगजंतू अंगावरून उघड्या अन्नावर नेऊ शकतात, असे प्रयोगांनी दिसून आले आहे. हगवण पसरविण्याच्या कामी घरमाशी अधिक घातक, हे खरे. परंतु चिलटे वाढली म्हणजे जवळपास काही तरी सडत आहे, असे समजावे.

आंबणाऱ्या फळाच्या वासाने मादी आकृष्ट होते व त्यावर अंडी घालते. उबदार हवेत सुमारे १० दिवसांत अंड्यापासून नवे चिलट तयार होते. यास्तव केवळ चिलटे मारणे व्यर्थ होय. त्यांचे उत्पत्तिस्थानच नाहीसे केले पाहिजे.

कृतीतून शिक्षण हे तत्त्व १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत मांडले गेले. त्यास अनुसरून शिक्षकांनी पुढील प्रयोग करावा. दोन बरण्यांत सोललेल्या केळ्याचे ताजे तुकडे ठेवावेत. एकीच्या तोंडास दाट विणीचे फडके बांधावे, दुसरी उघडी ठेवावी. चिलटे असतील तेथे काही दिवसांत उघड्या बरणीत अळ्या दिसू लागतील. मग पोषण आहार झाकून का ठेवावा, फळे धुऊन का खावीत व साली रोज खतखड्ड्यात मातीआड का कराव्यात, हे मुलांस निराळे सांगावे लागणार नाही. मुले तेच घरी सांगतील.