दोन दाढीवाले भाऊ आणि खोकल्याची गोळी
एका घराण्याने आपले नाव कसे राखले?

व्यापारात माल चोरीला गेला तर तो पुन्हा तयार करता येतो. पण नाव चोरीला गेले तर काय करायचे? आपल्यापैकी अनेक व्यापारी व कारागीर बांधवांना हा अनुभव आला असेल. वर्षानुवर्षे मेहनत करून एखाद्याचा माल बाजारात ओळखला जाऊ लागतो आणि लगेच शेजारच्या गल्लीत त्याच नावाचा, तशाच वेष्टनाचा, पण हलका माल विकायला येतो. गिऱ्हाईक फसते आणि बदनामी मात्र खऱ्या कारागिराची होते.

अमेरिकेतील एका मिठाईवाल्या घराण्यावर दीडशे वर्षांपूर्वी हीच पाळी आली होती. त्यातून त्यांनी काढलेला मार्ग आजही प्रत्येक छोट्या उत्पादकाने समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात एका स्वयंपाकघरात

जेम्स स्मिथ हा गृहस्थ १८४७ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतातून अमेरिकेत आला. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस, हडसन नदीच्या काठी पोकीप्सी नावाचे गाव आहे. तेथे त्याने उपाहारगृह काढले आणि जोडीला मिठाई बनवू लागला. खोकल्यावरील गोळीची कृती त्याला एका फिरस्त्या विक्रेत्याकडून मिळाली असे सांगतात. ही आख्यायिका असेल, पण १८५२ साली त्याने गावच्या वर्तमानपत्रात या गोळ्यांची जाहिरात दिली, ही गोष्ट नोंदलेली आहे.

त्या भागात हिवाळा कडक असतो. सर्दी-खोकला घरोघरी असायचा, त्यामुळे गोळ्यांचा खप वाढत गेला. विल्यम आणि अँड्र्यू ही जेम्सची दोन मुले. गोळ्या बनवण्यात आणि रस्त्यावर फिरून विकण्यात ती वडिलांना हातभार लावत. १८६६ साली जेम्सचे निधन झाले आणि धंदा दोघा भावांच्या नावाने चालू लागला. ते नाव होते 'स्मिथ ब्रदर्स'.

नकलेचा सुळसुळाट

उकळलेल्या साखरेच्या गोळीची नक्कल करणे फारसे अवघड नसते. साखरेचा पाक पाणी जवळजवळ संपेपर्यंत आटवायचा, त्यात चव आणि औषधी अर्क घालायचा, पाक गरम व मऊ असतानाच त्याला आकार द्यायचा आणि थंड करायचा. भांडी आणि भट्टी असलेला कोणताही मिठाईवाला दिसायला तशीच गोळी काढू शकतो. शिवाय त्या काळी गोळ्या सुट्या विकल्या जात. दुकानदाराच्या काचेच्या बरणीतली गोळी कोणाच्या कारखान्यातून आली, हे गिऱ्हाइकाला कळायचे नाही.

लवकरच बाजारात दुसरे 'स्मिथ ब्रदर्स' निघाले, 'श्मिट ब्रदर्स' निघाले, इतकेच काय 'स्माइथ सिस्टर्स'ही आल्या! अडचण अशी होती की इंग्रजी बोलणाऱ्या देशांत स्मिथ हे आडनाव अगदी सर्रास आढळते. खऱ्याच स्मिथ आडनावाच्या माणसाला 'तू हे नाव लावू नकोस' असे कोणत्या तोंडाने सांगणार?

चेहरा हीच मोहोर

भावांनी यावर साधा पण पक्का उपाय केला. नाव सर्वांचे असू शकते, पण चेहरा ज्याचा त्याचाच असतो. दोघांनाही भरघोस दाढी होती. त्यांनी स्वतःची चित्रे बरण्यांवर आणि गोळ्या बांधून देण्याच्या छोट्या लिफाफ्यांवर छापली. ज्याला वाचता येत नाही, तोही दोन दाढीवाल्यांचे चित्र पाहून माल ओळखू लागला.

तरीही एक पळवाट उरलीच. लिफाफा खरा, पण आतली गोळी दुसऱ्याची, असे होऊ शकत होते, कारण लिफाफा दुकानात भरला जाई. म्हणून १८७२ पासून भावांनी कारखान्यातच भरून बंद केलेली डबी बाजारात आणली. अमेरिकेत अशा रीतीने विकल्या गेलेल्या मालाच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत या डबीची गणना होते.

१८७७ साली हे चित्र व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले. डबीवर 'ट्रेड मार्क' हे दोन शब्द छापायचे होते. त्यातला 'ट्रेड' विल्यमच्या चित्राखाली आला आणि 'मार्क' अँड्र्यूच्या चित्राखाली. लोकांना वाटले, ही त्या दोघांची नावेच आहेत! पुढे अनेक वर्षे गिऱ्हाइके त्यांना ट्रेड आणि मार्क म्हणूनच ओळखत. विल्यम दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता, तर अँड्र्यू सढळ हाताचा म्हणून प्रसिद्ध होता.

पुढे काय झाले?

अँड्र्यू १८९५ साली आणि विल्यम १९१३ साली वारला. विल्यमचा मुलगा आर्थर याने कारभार हाती घेतला. १९२२ साली मेंथॉलच्या गोळ्या निघाल्या. पण दवाखान्यातील संशोधन आणि जाहिरातीसाठी अफाट पैसा असलेल्या मोठ्या कंपन्या आता याच बाजारात उतरल्या होत्या. साठच्या दशकात घराण्याने हा धंदा वॉर्नर-लॅम्बर्ट या बड्या औषध कंपनीला विकला. त्याच कंपनीने १९६४ साली 'हॉल्स'ही विकत घेतले होते. १९७२ साली पोकीप्सीतील उत्पादन थांबले आणि १९७७ साली हे नाव शिकागोच्या एका गोळ्या बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. त्यानंतरही मालक बदलत राहिले.

म्हणजे भट्टी विझली, घराणे बाजूला झाले, पण चिन्हाला किंमत होती म्हणूनच ते पुनःपुन्हा विकले गेले. नोंदवलेले नाव ही जमीन-दुकानासारखीच मालमत्ता असते, हे यावरून ध्यानात येते. मात्र चिन्ह नकलेपासून वाचवते, बदलत्या काळापासून वाचवत नाही, हेही तितकेच खरे.

आपण काय करावे?

आपल्याकडे व्यापारचिन्ह कायदा १९९९ साली झाला आणि २००३ साली अमलात आला. त्यातील काही गोष्टी प्रत्येक कारागिराने माहीत करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, केवळ आडनावावर विसंबू नये. शेख, खान, अत्तार, मोमीन ही नावे हजारो लोकांची आहेत आणि प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्याला कायदा अडवत नाही. नावाबरोबर वेगळे चित्र, आकृती किंवा स्वतः घडवलेला शब्द जोडावा. 'उत्तम', 'शुद्ध' असे फक्त गुण सांगणारे शब्द सहसा नोंदवून मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट, अर्ज करण्यापूर्वी तसे चिन्ह आधीच कोणी नोंदवले आहे का, ते शोधावे. हा शोध इंटरनेटवर फुकट घेता येतो. अर्ज मालाच्या वर्गानुसार करावा लागतो. मिठाईचा वर्ग ३० आहे, औषधांचा ५.

तिसरी गोष्ट, नोंदणी १० वर्षे टिकते आणि दर १० वर्षांनी नवी करता येते. नोंदणी होण्याआधी 'टीएम' लिहायला हरकत नाही, पण वर्तुळातील 'आर' हे चिन्ह नोंदणीशिवाय लावण्यास कायद्याने मनाई आहे.

चौथी गोष्ट, जुनी बिले, जुन्या जाहिराती, जुनी वेष्टने जपून ठेवावीत. हे नाव आपण कधीपासून वापरतो, याचा पुरावा वादाच्या वेळी फार उपयोगी पडतो. आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो.

शेवटी एक लक्षात ठेवावे. स्मिथ बंधूंच्या गोळीला आधी गिऱ्हाईक मिळाले, नक्कल नंतर झाली. ज्याच्या मालात दम नाही, त्याची नक्कल करायला कोणी येत नाही. तेव्हा माल चोख ठेवावा, आणि तो चोख असेल तर त्यावरचे नाव वेळीच आपल्या नावावर करून घ्यावे.