अश्मीभूत वृक्षांच्या भेटीला : वडधम, तालुका सिरोंचा

'अश्मीभूत' हा शब्द तुम्ही वाचला असेल. अश्म म्हणजे दगड. हा शब्द संस्कृतातील ज्या प्रत्ययाने घडतो त्याला 'च्वि' म्हणतात. जे आधी तसे नव्हते ते तसे झाले, असा अर्थ तो देतो. घनीभूत, भस्मीभूत हे शब्दही याच घडणीचे. कोशात कळतो त्याहून या शब्दाचा अर्थ अधिक कळतो तो गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वडधमच्या जीवाश्म उद्यानात. तेथील खोडे दुरून वठलेल्या लाकडासारखी दिसतात. हात लावला की लागतो तो दगड.

नागपूरहून हे स्थळ साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. चंद्रपूर, आलापल्ली आणि मग सागाच्या अरण्यातून सिरोंचा. पावसाळा टाळावा आणि मुक्कामाची सोय आधी करावी. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. येथील बाजारात मराठीबरोबर तेलुगूही कानी पडते. भाषेच्या विद्यार्थ्याने तिकडेही कान द्यावा.

आता झाडाचा दगड कसा होतो ते पाहू. पुरात वाहून आलेले झाड नदीच्या वाळूगाळात लवकर गाडले गेले, तर त्याला प्राणवायू मिळत नाही आणि कुजण्याची क्रिया मंदावते. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. ती लाकडाच्या पेशीपेशींत साचते आणि हळूहळू लाकडाची जागा घेते. लाकूड जाते, त्याची घडण राहते. म्हणूनच पुष्कळ अश्मीभूत खोडांत रेषा आणि वाढीची वलयेही ओळखू येतात.

हे खडक ज्युरासिक कालखंडातील, म्हणजे ढोबळमानाने १८ कोटी वर्षांपूर्वीचे. तुलनेसाठी सीताबर्डीची टेकडी घ्या. तिचा काळा दगड ज्या लाव्हाचा, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा वाहिला तेव्हा सिरोंच्याची झाडे गाडली जाऊन दहा कोटींहून अधिक वर्षे लोटली होती. ती जिवंत होती तेव्हा फुलझाडे नव्हती. आज वाटेवर दिसणाऱ्या सागासारखे झाड तेव्हा असणे शक्यच नव्हते.

याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात 'बारापासॉरस टागोरी' या प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे सापडली. 'बारा' म्हणजे मोठा आणि 'पा' म्हणजे पाय. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष १९६१. त्या निमित्ताने त्यांचे नाव या प्राण्याला मिळाले. शास्त्रीय वर्णन १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. संशोधनाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. तरी सिरोंच्याच्या मुलाला तो पाहायला कोलकात्याला जावे लागते, हेही खरे.

खोडे मात्र जागेवर आहेत, आणि धोकाही तेथेच आहे. आठवण म्हणून उचललेला बोटभर तुकडा घरी नुसता दगड ठरतो. तो कोणत्या थरात होता, खोड कोणत्या दिशेला पडले होते, त्यावरून नदीचा प्रवाह कोणीकडे असावा, हे सारे त्या जागेशीच बांधलेले असते. जागा सुटली की पुरावा संपतो, आणि तो पुन्हा तयार होत नाही.

तुम्ही गेलात तर वही न्या. एका खोडापुढे बसून त्याचा रंग, स्पर्श, भेगा आणि पडण्याची दिशा दहा ओळींत नोंदवा. एकही उपमा वापरू नका.